दोनदा बुडालेली बचत



ऑक्टोबर संपत आला की जर्मनीतल्या श्पारकासेत लहान मुलं आपापले गल्ले घेऊन येतात. नाणी खात्यात जमा होतात, मुलांना छोटीशी भेट मिळते. हा ‘वेल्टश्पारटाग’, म्हणजे जागतिक बचत दिन. आज त्यामागचा इतिहास ऐकूया.

१७७८ साली हॅम्बुर्गमध्ये बचतीची एक पेढी निघाली. घरगडी, मोलकरणी, रोजंदारीवरचे मजूर, खलाशी अशा कष्टकऱ्यांनी थोडं थोडं साठवावं आणि अडीअडचणीला ते कामी यावं, हा तिचा हेतू. १८०१ मध्ये ग्योटिंगेन शहराने स्वतःची श्पारकासे काढली आणि पुढे गावोगावी ही पद्धत रुजली.

मग १९२३ उजाडलं. सरकार नोटा छापतच राहिलं. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. नवं चलन आलं तेव्हा १ लाख कोटी जुन्या मार्कांचा एक रेंटेनमार्क झाला. आयुष्यभराची पुंजी पुसली गेली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, इटलीतल्या मिलान शहरात बचत बँकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथे बचत दिनाची कल्पना ठरली.

पण १९४८ च्या चलनबदलात पुन्हा तेच घडलं. खात्यातल्या १०० राइशमार्कांचे शेवटी साडेसहा डॉइचमार्क हाती आले. पंचवीस वर्षांत दोनदा होरपळलेल्या या लोकांनी तिसऱ्यांदा पहिल्या नाण्यापासून सुरुवात केली.

यातून आपण काय घ्यायचं? पहिलं, सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नये. दुसरं, साठवण्याची सवय अंगात असेल तर पुन्हा उभं राहता येतं. आपल्या आज्यांनी डाळीच्या डब्यात पैसे ठेवले, भिशी लावली. नियम एकच : आधी बाजूला काढायचं, मग खर्च.

इथे ते सोपं आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशीचा ‘डाउअरआउफट्राग’ लावून टाका. रक्कम लहान असली तरी चालेल, मोडायची वेळ येऊ नये. गाडीचा विमा, भारताची तिकिटं असे वर्षातून एकदाच येणारे खर्च बेरीज करून बाराने भागा आणि तेवढे दरमहा वेगळ्या खात्यात टाका. एक महिनाभर ‘हाउसहाल्ट्सबूख’, म्हणजे घरखर्चाची वही, लिहून बघा. पैसा कुठे झिरपतो ते कळेल.

आणि यंदा मुलांचा गल्ला घेऊन तुम्हीही श्पारकासेत जा. जाताना त्यांना १९२३ ची गोष्ट नक्की सांगा.