आसन्न

अंदाज म्हणजे अज्ञान आणि गणित म्हणजे काटेकोरपणा, अशी शाळेपासून आपली समजूत झालेली असते. गणिताचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ‘आर्यभटीय’ रचले. व्यास २०,००० असता परीघ ६२,८३२ असे त्याने दिले. पण त्या परिघाला ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असे विशेषण लावले. खरा परीघ याहून जेमतेम एकाच्या सातव्या भागाने कमी आहे. इतके उत्तम उत्तर हाती असताना ते अखेरचे नव्हे असे सांगणे, हे आम्हांला त्या उत्तराइतकेच मोलाचे वाटते.

पण जवळचा म्हणजे किती जवळचा? या प्रश्नाचा माग चौदाव्या शतकात केरळातील माधवाच्या परंपरेने घेतला. चारातून चाराचा तिसरा भाग वजा करावा, पाचवा मिळवावा, सातवा वजा करावा. असे करीत गेल्यास व्यास १ असलेल्या वर्तुळाचा परीघ जवळ येत जातो. वाट खरी, पण फार लांबची. दहा पदांनंतर येतात ३.०४१८, चूक सुमारे एक दशांश!

या गणितींनी चूक झाकली नाही, ती मोजली. आणि तिच्या भरपाईसाठी एकाहून एक सूक्ष्म असे तीन संस्कार सांगितले. त्याच दहा पदांना पहिला संस्कार दिला की ३.१४१८ येतात, दुसरा दिला की ३.१४१५९, आणि तिसऱ्याने ३.१४१५९२७. नुसती पदे मिळवून एवढी सूक्ष्मता हवी असेल, तर सुमारे दोन कोटी पदे लागतील. ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात मलयाळम भाषेतील ‘युक्तिभाषे’त या श्रेढीची उपपत्तीही मांडली.

येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे. पदे दुप्पट केली तर मूळची चूक निम्मी होते. पहिल्या संस्कारानंतर उरलेली चूक आठव्या भागावर येते, दुसऱ्यानंतरची बत्तिसाव्या. चूक किती वेगाने आटते, यावरून आसन्नतेची पायरी ठरते. आजचे शास्त्रज्ञही याच रीतीने पायऱ्या मोजतात.

कोणती पायरी पुरे, हे कामावर अवलंबून असते. गाडीच्या चाकाला धाव बसविणाऱ्याचे २२/७ वर भागते. ग्रहणाचा काळ काढणाऱ्याचे भागत नाही. दोघांचीही उत्तरे आसन्नच. चूक ठरते ती एकच गोष्ट: आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे न जाणता उत्तर ठामपणे सांगणे. आर्यभटाने ते टाळले, आणि त्यासाठी त्याला एक शब्द पुरला.