दुरून टिपलेले रान : लांब भिंगाचा इतिहास

आसगाव हे पवनी तालुक्यातले, वैनगंगेच्या चौरास पट्ट्यातले गाव. धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव, आणि त्यापलीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे जंगल. २०१२ साली हे अभयारण्य घोषित झाले. पुढच्याच वर्षी नागझिऱ्याहून चालत आलेला ‘जय’ नावाचा वाघ तिथे स्थिरावला, आणि आमच्या तालुक्याच्या रस्त्यांवरून हातभर लांबीची भिंगे घेतलेली माणसे जाऊ लागली. हे यंत्र मुळात कशासाठी निघाले आणि त्याने रानाचे काय केले, याचा मागोवा मी घेऊ लागलो. तेव्हा लक्षात आले की लांब भिंगाचा इतिहास दोन गोष्टींभोवती फिरतो : हाताची थरथर आणि प्राण्यापासूनचे अंतर. थरथर माणसाने जवळजवळ जिंकली आहे. अंतराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

‘टेलिफोटो’ भिंगाची सुरुवात १८९१ सालची. लंडनचा भिंगकार थॉमस रुडॉल्फस डॉलमायर आणि जर्मनीतले अडॉल्फ मीथे व अडॉल्फ श्टाइनहाइल यांनी त्याच वर्षी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशी भिंगे पुढे आणली. तोवर दूरची वस्तू मोठी हवी असेल तर कॅमेराही तितकाच लांबलचक करावा लागे. पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट बसवून त्यांनी ती लांबी आखूड केली. मात्र या भिंगातून उजेड फार कमी पोचे. काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. डोंगर आणि मनोरे तेवढा वेळ स्थिर राहतात, हरणे राहत नाहीत.

म्हणून भारतातल्या वाघाची पहिली नावाजलेली छायाचित्रे लांब भिंगाने काढलेली नाहीत. संयुक्त प्रांतातला वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने जनावराच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडे आणि छायाचित्र उमटे. ही चित्रे १९२५ साली लंडनच्या साप्ताहिकात झळकली आणि १९२७ साली त्याचे पुस्तक निघाले. सुस्पष्ट चित्रासाठी चॅम्पियनने माणूसच तिथून काढून घेतला होता. आज व्याघ्रगणनेत वापरले जाणारे कॅमेरा ट्रॅप त्याच तारेचे वंशज आहेत.

दुसरी वाट लपणाची. सलीम अली यांचे स्नेही लोक वान थो यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात पक्ष्यांची जी छायाचित्रे घेतली, ती लपणात तासन्‌तास बसून. मद्रासचे एम. कृष्णन यांनी तर निरनिराळे भाग जुळवून स्वतःचाच अवजड कॅमेरा तयार केला होता. त्याला ते गमतीने ‘सुपर पाँडेरोसा’ म्हणत. या पिढीपाशी यंत्राची ताकद थोडी होती, म्हणून वेळ आणि प्राण्याच्या सवयींचे ज्ञान यांवर तिची भिस्त होती.

रंगीत फिल्मच्या काळातली अडचण आकड्यांत मांडली तर नीट कळते. ५०० मिलिमीटरचे भिंग ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगाच्या तुलनेत चित्र दहापट मोठे करते, आणि हाताचा कंपही दहापटच मोठा करते. यावरून जुना आडाखा आला : भिंग जितक्या मिलिमीटरचे, सेकंदाच्या निदान तितक्याव्या भागात शटर बंद व्हावे. आता १९७४ साली आलेली कोडाक्रोम ६४ ही फिल्म घ्या. भर उन्हात, भिंगाचे छिद्र एफ-५.६ वर ठेवले तर तिला १/५०० सेकंद जेमतेम मिळे. पहाटेच्या सागवानी सावलीत हाच वेग १/३० किंवा १/१५ वर घसरे. म्हणजे वाघ बाहेर पडतो त्याच वेळी हातातला कॅमेरा निकामी.

यावरचे उपाय साधे आणि कष्टाचे होते. दणकट ट्रायपॉड. जिप्सीच्या काठावर रेतीची, तांदळाची किंवा कोंड्याची थैली आणि तिच्यावर टेकवलेले भिंग. इंजिन बंद, कारण चालू इंजिनाची थरथर थेट काचेत उतरते. गाडीत कोणी हलायचे नाही. डावा हात भिंगावर, श्वास अर्धा सोडलेला, बोट शटरवर हलके. मग जनावर चालता चालता थबकेल त्या क्षणाची वाट. फोकसही हातानेच, आणि त्यात चुकायला जागा नसे. दहा मीटरवरच्या प्राण्यावर ५०० मिलिमीटरचे भिंग एफ-४ वर रोखले तर सुमारे दहा सेंटिमीटर खोलीचाच भाग सुस्पष्ट येतो. डोळा साधला तर खांदा धूसर, खांदा साधला तर डोळा गेला.

पुढच्या चाळीस वर्षांत ही एकेक अडचण यंत्राने आपल्या अंगावर घेतली. १९८५ साली मिनोल्टा ७००० ने आपोआप फोकस करणारा कॅमेरा लोकप्रिय केला. १९९५ साली कॅननने हाताचा कंप सावरणारे भिंग बाजारात आणले. डिजिटल कॅमेऱ्यांनी अंधुक उजेडातही वेगवान शटर शक्य केले. २०१९ पासून तर काही कॅमेरे प्राण्याचा डोळा स्वतः शोधू लागले. तरी एक मर्यादा राहिली. कंप सावरणारी यंत्रणा आपला हात स्थिर करते, जनावराला नाही. चालत्या वाघाला अजूनही १/५०० च्या आसपास वेग लागतो, आणि उडत्या बदकाला त्याहून कितीतरी जास्त.

दुसरी मर्यादा हवेची, आणि ती भंडाऱ्याच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत वर चढते. शंभर मीटरवरचा चितळ मग पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. हिवाळ्यातही सकाळचे ऊन चढले की धुऱ्यावरून हीच लहर उठते. कितीही महागड्या भिंगाने ती कापता येत नाही, उलट भिंग जितके लांब तितकी ती ठळक होते. इथे दोनच मार्ग उरतात : ऊन तापण्याआधी पोचून प्राणी आपल्याकडे येईल म्हणून थांबणे, किंवा आपणच त्याच्या जवळ जाणे.

दुसरा मार्ग कुठे नेतो हे आमच्याच जंगलाने पाहिले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडलात ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दूर राहूनही जवळचे दिसावे म्हणून निघालेले भिंग गळ्यात असताना माणसे जवळ गेली. मोबाइलवाल्यांचीही त्यात भर पडली, पण इतिहासाच्या अंगाने मला बोचते ते हेच.

सुस्पष्ट चित्राचा उपयोग खरा आहे, म्हणून हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. कुशीचे एक ठाशीव छायाचित्र म्हणजे त्या वाघाची ओळखच. एप्रिल २०१६ मध्ये जय दिसेनासा झाला आणि इथे दिसला, तिथे दिसला अशा वार्ता उठत राहिल्या. अशा वेळी बोलण्याला किंमत नसते, पट्टे जुळावे लागतात. सारसाचेही तसेच. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ गोंदिया-भंडाऱ्यापुरताच उरला आहे आणि धानाच्या बांधीतही घरटे करतो. त्याची नोंद हवी, पण घरट्यापाशी माणूस उभा राहिला तर जोडी अंड्यांवरून उठते, आणि कावळ्याला तेवढी संधी पुरते.

चॅम्पियनपाशी तार होती, लोक वान थोंपाशी लपण, कृष्णन यांच्यापाशी हाताने जुळवलेला कॅमेरा. साधने निराळी, पण जनावराला त्याच्या कामात असू द्यायचे, हा नेम तिघांचाही. आजच्या भिंगाला तो नेम पाळणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. बांधीत सारस दिसला तर धुऱ्यावरच थांबावे, गुडघ्यावर थैली ठेवून भिंग टेकवावे, ऊन चढण्याआधी दोन-चार चित्रे घ्यावीत आणि आल्या वाटेने परतावे. चित्रात पक्षी थोडा लहान येईल. तो अंड्यांवरून उठलेला नसेल.