अंधेरीचा पाऊस मुलुंडच्या नावावर? नेस्टेड लिस्टचा अ‍ॅरे करताना होणारी गडबड

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही नाही. मुंबईच्या पावसात ‘किती’ इतकंच ‘कुठे’ महत्त्वाचं, ते यामुळेच. आकडे संगणकात एका साच्यातून दुसऱ्यात भरताना नेमकं हे ‘कुठे’च हरवू शकतं.

समजा, अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर इथला सात दिवसांचा, दर तासाचा पाऊस हाताशी आहे. ४ × ७ × २४ म्हणजे ६७२ आकडे. असा डेटा बऱ्याचदा नेस्टेड लिस्टमध्ये मिळतो, म्हणजे डब्यात डबा: उपनगराच्या डब्यात दिवसांचे डबे आणि प्रत्येक दिवसाच्या डब्यात २४ आकडे. हिशेबाला मात्र मल्टिडायमेन्शनल अ‍ॅरे सोयीचा. तो तीन बाजूंचा ठोकळा असतो आणि त्यातल्या प्रत्येक घराला ठरलेला पत्ता असतो. ‘चारही ठिकाणी पहाटे तीन ते चार सरासरी किती पडला?’ याचं उत्तर मग एका ओळीत मिळतं.

‘आर’ या भाषेत यासाठी आधी ‘अनलिस्ट’ वापरून सगळे डबे एका रांगेत रिकामे करतात आणि मग ‘अ‍ॅरे’ला मापं देतात. मापं ४, ७, २४ अशी द्यावीत, असं कुणालाही वाटेल. तिथेच फसगत होते. फोरट्रानसारखंच ‘आर’सुद्धा पहिली बाजू सर्वांत आधी भरतं. त्यामुळे अंधेरीचे पहिले चार तास चार उपनगरांचा पहिला तास म्हणून बसतात. एररही येत नाही! बरोबर क्रम उलटा आहे: २४, ७, ४. नंतर ‘एपर्म’ने बाजू हव्या तशा फिरवता येतात.

दुसरी चूक आणखी चोरटी. बोरिवलीतली एका तासाची नोंद नसेल आणि तिथे ‘नल’ असेल, तर ‘अनलिस्ट’ ती जागाच गाळतं. उरतात ६७१ आकडे. त्यापुढचा सगळा पाऊस एक घर पुढे सरकतो. मुलुंडचा पहिला तास बोरिवलीच्या शेवटच्या तासात जातो आणि शेवटचं रिकामं घर भरायला ‘आर’ अंधेरीचा पहिला आकडा परत उचलतं. तेही गुपचूप. म्हणून नसलेल्या नोंदीच्या जागी आधीच ‘एनए’ लिहावं आणि रांगेत ६७२ आकडे आहेत ना, हे मोजावं. ‘अनलिस्ट’नंतर ‘अ‍ॅरे’ नावं बघत नाही, फक्त क्रम बघतं. त्यामुळे दिवसांचा क्रमही प्रत्येक डब्यात सारखाच हवा.

पायथॉनच्या नमपायमध्ये हे थोडं सोपं आहे. तिथे नेस्टेड लिस्ट थेट दिली की ४, ७, २४ हाच आकार मिळतो. एखाद्या दिवसाचे आकडे कमी असतील, तर १.२४ आवृत्तीपासून सरळ एरर येतो.

‘आर’मध्ये ही राखण स्वतःच करावी लागते. मुलुंडचा तिसऱ्या दिवसाचा संध्याकाळी पाचचा आकडा लिस्टमध्ये बघायचा आणि मग अ‍ॅरेमध्ये. दोन्हीकडे तोच आला, तरच पुढे जायचं.