प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र, भाट्ये
प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र, भाट्ये हे रत्नागिरी शहरालगत काजळी नदीच्या मुखाजवळ असलेले शासकीय अनुदानावर चालणारे कृषी संशोधन केंद्र आहे. १९५५ साली स्थापन झालेले हे केंद्र सध्या दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. बाणवली नारळातून निवड पद्धतीने 'प्रताप' ही जात येथे विकसित झाली.

केंद्र अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पात सहभागी आहे. अशा प्रकल्पांचा खर्च सर्वसाधारणपणे ७५ टक्के भारतीय कृषी अनुसंधान परिषद व २५ टक्के राज्य शासन उचलते. उंच जातीच्या नारळास फळे धरण्यास सहा-सात वर्षे लागतात. पुढेही अनेक वर्षे उत्पादनाच्या नोंदी घ्याव्या लागतात. त्यामुळे अनुदानातील सातत्य महत्त्वाचे ठरते. मध्येच निधी थांबल्यास नोंदींत खंड पडून आधीचा खर्चही वाया जाऊ शकतो.