न्याहारीतले अंडे

‘न्याहारी’ या शब्दात खाण्याचा मागमूस नाही. जे आहे ते न खाणे आहे. फारसीत ‘नहार’ म्हणजे सकाळपासून तोंडात काही न घातलेला. ‘न’ आणि ‘आहार’ अशी त्याची फोड करतात. अशा रिकाम्या पोटी जे खायचे, ती नहारी. रात्रभर मंद आचेवर शिजवून पहाटे खायची दिल्ली-लखनौकडची मांसाची ‘निहारी’ तीच. काहींना तिच्यात दिवस या अर्थाचा अरबी ‘नहार’ दिसतो. पण उर्दूत औषध ‘निहार मुँह’ घ्यायला सांगतात, म्हणजे काही खाण्याआधी. ते पाहता पारडे उपाशी पोटाकडेच झुकते.

मराठीने या निहारीचे ‘न्याहारी’ केले, तेही आपल्या जुन्या सवयीनेच केले असावे. संस्कृत ‘निभालयति’चे प्राकृतात ‘णिहालेइ’ झाले आणि मराठीत ते ‘न्याहाळणे’ होऊन बसले. ‘नि’पुढे ‘हा’ आला की मराठी जिभेला मध्ये ‘या’ची पायरी लागते, असे दिसते. बाहेरून आलेला शब्द घरच्याच जिन्याने वर चढला, आणि मग परका राहिलाच नाही. भातलावणीच्या दिवसांत डोक्यावरच्या पाटीतून बांधावर येते ती न्याहारी. तिला फारसी म्हणायला कोणी धजणार नाही.

इथे एक चकवा आहे. फारसीतले ‘आहार’ आणि आपले ‘आहार’ सख्खे भाऊ वाटतात. ध्वनिनियम मात्र तसे म्हणू देत नाहीत. संस्कृतातला असा ‘ह’ इराणी भाषांत बहुधा ‘ज़’ होऊन येतो. ‘अहम्’ला अवेस्तेत ‘अज़ेम्’ म्हणतात, ‘हस्त’ला ‘ज़स्त’. मग ‘आहार’ तिथे ‘ह’सकट कसा टिकेल? फारसीतला तो शब्द खाणे या अर्थाच्या ‘खुर्दन्’च्या कुळातला असावा. ‘खुराक’ त्याच कुळातला, आणि लाचखोर, हरामखोर यांतला ‘खोर’ही तिथलाच.

आता ‘नाश्ता’. हाही फारसी, आणि त्याचाही मूळ अर्थ उपाशी असाच! ‘न’ आणि ‘अश्त’ म्हणजे खाल्लेला. या ‘अश्त’मध्ये आपला ‘अश्’ धातू आहे, ज्यातून अशन आले, अन्नप्राशन आले, आणि सकाळच्या खाण्याचा संस्कृत शब्द ‘प्रातराश’ आला. इराणात हा धातू फार जुना दिसतो. अवेस्तेत गिधाडाला ‘कह्रकास’ म्हणजे कोंबडी खाणारा म्हणतात, त्याच्या शेपटातला ‘आस’ याच धातूचा. आणि ‘कह्रक’ म्हणजे कोंबडी. कोंबड्याला संस्कृतात ‘कृकवाकु’ म्हणतात, त्यातल्या ‘कृक’शी तिचे नाते असावे. कोंबडीचे नाव तिच्या मारेकऱ्याच्या नावात जपलेले सापडावे, याची मला हळहळही वाटते आणि मौजही.

म्हणजे नहारी आणि नाश्ता, सकाळचे दोन्ही शब्द ‘न’पासून सुरू होतात आणि दोन्ही ‘अजून खाल्ले नाही’ असे सांगतात. आणि मराठीत नेमका याच घडणीचा, याच धातूचा शब्द घरी पडून आहे: अनशापोटी. रक्ततपासणीला ‘अनशापोटी या’ म्हणतात, आजी काढा अनशापोटी घ्यायला लावायची. अन् अधिक अश. नाश्ता आणि अनशा हे मावसभाऊ आहेत. फारसी भाऊ ताटावर येऊन बसला, मराठी भाऊ मात्र अजून उपाशी आहे. अर्थ एवढा उलटा का फिरला असावा? उपाशी माणसाला जे द्यायचे, त्याला त्याच्या उपाशीपणाचेच नाव पडले, एवढेच घडलेले दिसते. लॅटिनमध्ये ‘येयुनुस’ म्हणजे उपाशी. तो उपास मोडण्यावरून फ्रेंचांचा ‘देझने’ आला. पुढे तो सरकत सरकत दुपारच्या जेवणावर गेला. इराणातही आज ‘नाहार’ म्हणजे दुपारचे जेवण. सकाळची भूक दुपारपर्यंत ताणली गेल्यासारखी ही दोन्ही नावे एकाच दिशेने ढळली. हिंदीतला ‘कलेवा’ त्या मानाने सरळमार्गी. तो संस्कृत ‘कल्यवर्त’वरून आला आणि ‘कल्य’ म्हणजे पहाट. ‘मृच्छकटिका’त मात्र कल्यवर्त हा शब्द क्षुल्लक गोष्ट या अर्थी भेटतो. सकाळचे खाणे नाटककाराला किरकोळ वाटले, हे मला मुळीच पटत नाही.

निदान पावसाळ्यात तरी नाही. पाऊस म्हणजे ‘प्रावृष्’. मधला ‘व’ विरला, ‘ऋ’चा ‘उ’ झाला आणि प्राकृतातून ‘पाउस’ उरला. आषाढात झड लागली, बाजारात जाण्याची सोय राहिली नाही, भाजीची टोपली रिकामी आहे, अशा सकाळी घरात कांदा, मिरची आणि चार अंडी असली की भागते. श्रावणात कित्येक घरांत अंडे उंबऱ्याबाहेर राहते, म्हणून आषाढातल्या या सकाळी जास्त मोलाच्या.

‘अंडे’ या शब्दाचा माग फार लांब जात नाही, पण जातो तिथे लख्ख प्रकाश आहे. ऋग्वेदात रूप ‘आण्ड’ असे दीर्घ आहे. ‘मार्तण्ड’ म्हणजे मृत अंड्यातून आलेला. 10व्या मंडलातल्या 72व्या सूक्तात अदिती आपल्या आठव्या मुलाला, या मार्तंडाला, दूर टाकते आणि पुन्हा परत आणते. रोज मावळून रोज उगवणारा तो सूर्य असावा, हा अर्थ परंपरेनेच लावलेला आहे. जेजुरीच्या मार्तंडभैरवाच्या नावात हे वैदिक अंडे आजही आहे, आणि येळकोट करणाऱ्या गर्दीच्या तोंडी ते जिवंत आहे.

छांदोग्य उपनिषदात (3.19) तर सगळे विश्वच अंड्यातून निघते. ते वर्षभर तसेच राहते, मग फुटते आणि त्याची दोन शकले होतात: चांदीचे शकल ही पृथ्वी, सोन्याचे शकल हे आकाश. बाहेरचे जाड वेष्टन झाले पर्वत आणि आतला पातळ पापुद्रा झाला ढग आणि धुके. उकडलेले अंडे सोलताना टरफलाखाली जो ओलसर पापुद्रा बोटाला चिकटतो, तो ऋषींनीही बारकाईने पाहिला असणार. त्याशिवाय त्याला ढग म्हणायचे सुचणार नाही. धुक्याला तिथे ‘नीहार’ शब्द आहे. याचा आपल्या न्याहारीशी काडीचा संबंध नाही, व्युत्पत्ती साफ वेगळी. तरी घाटमाथ्यावरच्या पावसाळी सकाळी नीहार आणि न्याहारी एकाच खिडकीशी येतात, तेव्हा मी हा योगायोग आनंदाने मान्य करतो.

सोन्याच्या शकलाची गोष्ट अजून बाकी आहे. अंड्यातल्या पिवळ्या बलकाला उर्दूत ‘ज़र्दी’ म्हणतात, ‘ज़र्द’ म्हणजे पिवळा. पिवळाजर्द या शब्दात मराठीने एकच रंग दोनदा सांगितला आहे. जर्दाळू म्हणजे पिवळा आलू, पिवळे अलुबुखार. मघाचा ‘ह’चा ‘ज़’ होण्याचा नियम इथे लावून पाहा. फारसी ‘ज़र’ म्हणजे सोने, शालूच्या जरीत विणलेले. संस्कृतात त्याच्या समोर ‘हिरण्य’ उभे राहते. ‘ज़र्द’समोर ‘हरित’ आणि हळदीची आई ‘हरिद्रा’. तेव्हा अंड्यातली ज़र्दी आणि विश्वारंभीच्या अंड्यातला हिरण्यगर्भ ही एकाच धातूची लेकरे दिसतात.

उकडणे या क्रियापदाचीही अशीच दुहेरी कमाई आहे. ‘उत्’ आणि ‘क्वथ्’, म्हणजे खळखळ उकळणे. काढा आणि कढी याच घरच्या. आपण अंडे उकडतो, आणि पाऊस यायच्या आधी आपल्यालाही उकडते. फोडण्याबद्दल तर काय सांगावे! अंडे फोडणे, फोडणी आणि वैयाकरणांचा ‘स्फोट’ एकाच ‘स्फुट्’मधून निघाले आहेत. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त शब्दाला अंड्याचीच उपमा दिली आहे. बोलण्याआधी शब्द मनात अखंड, भागांवाचून असतो, उच्चारताना त्याचे क्रमाने भाग पडतात. परंपरेत हे अंडे लांडोरीचे मानले गेले: आत नुसता रस, पण पिसाऱ्याचे सगळे रंग त्या रसात आधीच आहेत. शब्दांच्या मागे लागणाऱ्याला इतकी नेमकी उपमा दुसरी मिळणार नाही.

आम्लेटाचा प्रवास वेगळ्याच वाटेचा. लॅटिन ‘लामेल्ला’ म्हणजे पातळ पत्रा. फ्रेंचात ‘ला लमेल’ म्हणता म्हणता ऐकणाऱ्यांनी चुकीच्या जागी कात्री लावली आणि उपपदाचा ‘अ’ शब्दाला चिकटून ‘अलमेल’ झाले. मग ‘अल्युमेल’, ‘अल्युमेत’, आणि अक्षरांची अदलाबदल होऊन ‘आमलेत’. वाराणसीचे बनारस होताना ‘र’ आणि ‘ण’ यांनी जी जागा बदलली, तीच ही खोड. उपपदाशी अशीच झटापट होऊन आपल्या नारंगाचा ‘न’ युरोपात गळाला आणि ‘ऑरेंज’ उरले. म्हणजे आम्लेट शब्दात अंडे नाही, आहे तो फक्त तव्यावर पसरलेला पत्रा.

हे लक्षात आले की मराठी घरांतले ‘टोमॅटो आम्लेट’ फार समजूतदार वाटू लागते. बेसन, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर. अंड्याचा थेंब नाही. कित्येकांना हे नाव चुकीचे वाटते. मला ते मूळपदावर आलेले वाटते, कारण पातळ पत्र्याखेरीज त्या शब्दाने कधी कशाची हमी दिलीच नव्हती. उलट अंड्याच्या आम्लेटाला आपल्याकडे ‘अंड्याचा पोळा’ म्हणतात, तिथेही दृष्टी आकारावरच आहे. पोळा हा पोळीचा दादा, आणि पोळीची ‘पोलिका’ 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त भेटते. फ्रेंच बायकांना तव्यावर जे दिसले, तेच इथल्या बायकांनाही दिसले.

बुर्जीत क्रिया आहे: ‘भृज्ज्’, म्हणजे भाजणे, परतणे. भाजणी आणि बहुधा भाजीसुद्धा त्याच धातूची. भडभुंज्यातला ‘भड’ म्हणजे ‘भ्राष्ट्र’, धान्य भाजण्याचे भांडे. मूळ ‘भ’ कोरडा पडून मुंबईत तो ‘ब’ झाला असावा. पावाबद्दल मात्र कोडे उरलेले नाही. तो पोर्तुगीज ‘पांव’ आहे. पायाने तुडवतात म्हणून पाव, किंवा चौथा हिस्सा म्हणून पाव, या दोन्ही कथा सोडून द्याव्यात.

इथवर न्याहारीने भूक सांगितली, आम्लेटाने पत्रा, बुर्जीने परतणे, आणि अंडे कोणीच सांगितले नाही. ते सांगणारा एक शब्द दखनी घरांत आहे. हैदराबादेकडे कांदा-मिरची घालून केलेल्या अंड्यांना ‘खागिना’ म्हणतात. फारसी ‘खाग’ म्हणजे अंडे, त्याला ‘ईना’ जोडून खागीना, अंड्याचे ते. त्याचे जुळे रूप ‘खाया’ पुढे वृषणाकडे वळले, जसे आपले ‘अंड’ही वळले, मग इराणी लोकांनी भिडस्तपणे अंड्याला ‘तुख्मे मुर्ग’, कोंबडीचे बीज, म्हणायला सुरुवात केली असावी. (फालुद्यातल्या तुकमराईत तोच ‘तुख्म’ आहे.) सुरुवातीचा ‘ख’ मागून आलेला मानला, तर हा शब्द लॅटिन ‘ओवुम’च्या कुळात जातो, आणि त्या कुळाच्या मुळाशी पक्षी या अर्थाचा शब्द असावा, जो संस्कृतात ‘वि’ म्हणून राहिला. संस्कृताने पक्षी ठेवला आणि त्याचे अंडे हरवले. ते फारसीने सांभाळले. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा हा खागिना औरंगाबाद-नांदेडच्या चुलींपर्यंतही पोचला असावा.