बंबवाल्यांचे चेहरे

नगर शहरांतून भिंगारकडे जावयास निघालें म्हणजे वाटेंत भुईकोट किल्ला लागतो, आणि तो मागें पडतांच छावणीची वस्ती सुरू होते. टापू लहानसाच, परंतु इतिहासानें त्याच्यावर जेवढा भार घातला आहे तेवढा थोड्याच गांवांच्या वांट्यास आला असेल. औरंगजेब १७०७ सालीं मरण पावला तो याच परिसरांत. इंग्रजांनीं शिंद्यांकडून किल्ला घेतला तो १८०३ सालीं. आणि राष्ट्रसभेच्या कार्यकारिणीचे सभासद १९४२ च्या ऑगस्टांत येथेंच स्थानबद्ध झाले. या सर्व प्रसंगांतील प्रमुखांच्या मुद्रा आपल्या परिचयाच्या आहेत. वृद्ध बादशहा मोगल चित्रांतून, वेलस्ली तैलचित्रांतून आणि नेहरू, पटेल, आझाद छायाचित्रांतून आपल्यापुढें उभे राहतात. परंतु बादशहाच्या छावणींत एखादा तंबू पेटला असतां पाण्याची पखाल पाठीवर टाकून धांवणारा भिस्ती कसा दिसत होता, हें कोण सांगणार? जुन्या चित्रांतून भिस्ती आढळतो, नाहीं असें नाहीं. पण तो भिस्ती म्हणून आढळतो, अमुक एक माणूस म्हणून नव्हे. आगीशीं झगडणाऱ्या माणसाचा चेहरा हा आपल्या इतिहासांतला जुनाच रिकामा कोनाडा आहे, आणि छायाचित्रणासारखी कला हाताशीं आल्यावरही तो कां भरला नाहीं, याचा विचार करण्यासारखा आहे.

या विचाराला भिंगारच्या परिसरांतूनच एक धागा मिळतो. १३ एप्रिल १९४४ हा दिनांक घालून पंडित नेहरूंनीं या किल्ल्यांत ‘भारताचा शोध’ या ग्रंथाचा आरंभ केला. हजारों वर्षांच्या संस्कृतीचा मागोवा घेणारी लेखणी येथें कागदावर टेकली, आणि दुसऱ्याच दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत इतिहासाचें एक पान जळून गेलें. ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें जहाज तेथें लागलें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें व दारूगोळा, कापसाचे गठ्ठे आणि सोन्याच्या विटा असा विलक्षण माल एकत्र भरलेला होता. दुपारीं आग ध्यानांत आली; मुंबईच्या अग्निशामक दलाचे लोक धांवून आले; ९०० टनांहून अधिक पाणी जहाजांत ओतलें गेलें, तरी आग आटोक्यांत येईना. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. शेंकडों माणसें मेलीं. दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही त्या धक्क्याची नोंद झाली. आग विझवावयास आलेल्यांपैकीं अग्निशामक दलाचे ६६ लोक त्यांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

त्या दिवसाचें नांव काढतांच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें धुराच्या प्रचंड स्तंभाचें आणि उद्ध्वस्त गोदीचें चित्र. माणसांचें चित्र उभें राहत नाहीं. सुधीश घटक या चित्रग्राहकानें टिपलेला चित्रपट लष्करी अधिकाऱ्यांनीं जप्त केला. त्यांतील कांहीं भाग मागाहून वृत्तपटांतून दाखविण्यांत आले. वार्ताहरांनाही आपले वृत्तांत बाहेर धाडण्याची मोकळीक मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मिळाली नाहीं. युद्धाचे दिवस होते. बंदराची हानि शत्रूस कळूं नये ही काळजी समजण्यासारखी आहे. परंतु जप्ती करणाऱ्यास गोदी आणि माणूस हा भेद करतां येत नाहीं. तो दोन्ही एकाच पेटींत बंद करतो. पुढें गोदी पुन्हां बांधतां आली. गाळांत रुतलेल्या सोन्याच्या विटाही मागाहून सांपडत गेल्या. पण जहाजाची शिडी चढण्यापूर्वीं क्षणभर थांबलेल्या माणसाची मुद्रा दुसऱ्यांदां मिळत नसते.

तरीही सारा दोष युद्धकाळच्या नियंत्रणाला देणें न्यायाचें होणार नाहीं. या उणिवेचें मूळ कलेच्या बाल्यांत आहे. मुंबईंत छायाचित्रणाची संस्था १८५४ सालीं स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी यांच्यासारख्या आपल्या माणसांनीं ती कला लवकरच आत्मसात् केली. परंतु त्या काळच्या कांचेवर प्रतिमा उमटण्यास इतका वेळ लागे कीं, समोरच्या माणसास पुतळ्यासारखें बसावें लागे. जो हलला तो पुसला गेला. आगीशीं झुंजणारा माणूस तर पळभरही स्थिर नसतो. विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील निरनिराळ्या जमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ सालीं प्रसिद्ध केले. त्यांतील माणसें चित्रशाळेंत उभीं केलेलीं, मागचे देखावे निराळे आणून जोडलेले, आणि खालीं नांव तें जमातीचें! पुढें चपळ कांच आली, तरी जुनी दृष्टि गेली नाहीं. बंबवाल्यांचें छायाचित्र म्हणजे चकचकीत बंबापुढें रांगेंत उभा केलेला समुदाय आणि मधोमध खुर्चीवर साहेब, हाच संकेत रूढ राहिला. त्यांत गणवेष दिसतो, शिस्त दिसते. माणूस दिसत नाहीं.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत युरोपांत लहान कॅमेरे आणि थोड्या उजेडांतही काम देणारीं भिंगें निघालीं. १९२५ मध्यें ‘लायका’ बाजारांत आला. एरिख सालोमन या जर्मन छायाचित्रकारानें न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या बैठकींत कोणाच्या ध्यानांत न येतां चित्रें घेतलीं, आणि १९३१ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. त्या ग्रंथाच्या नांवाचा भावार्थ ‘नामांकित समकालीन, बेसावध क्षणीं’ असा आहे. पण अद्यापि हा मान नामांकितांचाच होता. तो सामान्य बंबवाल्याकडे वळला तो लंडनवर बॉम्ब पडत असतां. बर्ट हार्डी यानें अग्निशामकांच्या सोबतीनें राहून घेतलेलीं छायाचित्रें ‘पिक्चर पोस्ट’ साप्ताहिकाच्या १ फेब्रुवारी १९४१ च्या अंकांत आलीं. छायाचित्रकाराचें नांव न छापण्याचा त्या पत्राचा नियम होता. तो या चित्रांसाठीं मोडण्यांत आला. तेव्हां आपल्या गोदींतील स्फोटाच्या तीन वर्षें आधींच ही गोष्ट साध्य झाली होती. उपकरण होतें, वाटही दिसली होती.

बंबवाल्याचा बेसावध क्षण आणि मुत्सद्द्याचा बेसावध क्षण यांत मात्र मोठें अंतर आहे. मुत्सद्दी बेसावध झाला कीं त्याचा मुखवटा गळतो, आणि आपण त्याचें गुपित हेरल्याचा आनंद मानतों. बंबवाला आगीविषयीं पूर्ण सावध असतो, आणि त्यामुळेंच स्वतःच्या मुद्रेविषयीं पूर्ण बेसावध असतो. त्याच्या चेहऱ्यावर गुपित नसतें, लक्ष असतें. कोणती भिंत केव्हां कोसळेल, वर चढलेला सोबती दिसतो कीं नाहीं, पाण्याचा जोर टिकला आहे कीं ओसरला, एवढेंच त्याच्या डोळ्यांत असतें. हें लक्ष चित्रशाळेंत उसनें आणतां येत नाहीं, म्हणून या माणसाचें खरें चित्र त्यास न बसवितांच घ्यावें लागतें.

यावर कोणी म्हणेल, जेथें प्राणावर बेतलें आहे तेथें कॅमेरा घेऊन जाणें हें निर्दयपणाचें नव्हे काय? आक्षेप खरा आहे. पाण्याच्या नळीच्या आड येणारा, शिडीवरच्या माणसाच्या डोळ्यांत झगझगीत प्रकाश पाडणारा, अथवा जळालेल्याचें दुःख टिपण्यास पुढें सरणारा छायाचित्रकार हा आगीइतकाच उपद्रवी होय. परंतु या आक्षेपाचें उत्तर बंबवाल्यांच्या दिनक्रमांतच आहे. ज्वाला शमल्यावर, गर्दी पांगल्यावर तो पायरीवर टेकतो, शिरस्त्राण काढतो; काजळीनें माखलेल्या कपाळावर त्याची कडा उमटलेली असते. कोणी पाण्याचा तांब्या पुढें करतो. त्या वेळीं कोणाची अडचण होत नाहीं, आणि चित्र झाल्यावर संमति विचारण्यासही अवकाश असतो.

आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, तरी जुनी खोड गेलेली नाहीं. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवींत लागलेल्या आगीनें मुंबई अग्निशामक दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. नगरच्या जिल्हा रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांत ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं आग लागून ११ रुग्ण दगावले. असें कांहीं घडलें कीं ज्वाला आणि धूर टिपण्यास शेंकडों हात वर होतात. आग विझली कीं ते सारे हात खालीं येतात. वास्तविक चेहऱ्याची वेळ तेव्हां सुरू झालेली असते. शिवाय गेलेल्या माणसाचें चित्र म्हणून ओळखपत्रावरील चौकोन पुढें करावा लागणें यासारखें दैन्य नाहीं. तो चौकोन त्याचें वय सांगेल, काम सांगणार नाहीं.

किल्ल्यांतील नेहरूंची खोली स्मारक म्हणून राखलेली आहे, आणि तें योग्यच आहे. भिंगारच्या बाजूस रणगाड्यांचें संग्रहालय आहे. त्यांत यंत्रेंही मायेनें जपलेलीं आहेत. तेव्हां स्मरण ठेवण्याची हौस आपणांस नाहीं असें नव्हे. गांवोगांवच्या बंबखान्यांत एक भिंत या कामासाठीं असावी. तेथें रांगेंतले समुदाय नकोत. कामावर असतां घेतलेलीं एकेकट्या माणसांचीं चित्रें असावीं, त्यांच्याखालीं त्यांचीं नांवें असावीं, आणि तीं त्यांच्या हयातींतच लागावीं. दर वर्षीं १४ एप्रिलला ६६ हा आंकडा आपण उच्चारतों. पुढच्या पिढीस असा आंकडा उच्चारण्याची पाळी आली, तर निदान तिला त्याच्यामागचीं माणसें पाहतां यावींत.