रविवर्मा-छाप तसबिरी : संग्रह व मोल

राजा रविवर्मा (1848–1906) यांच्या चित्रांवरून शिळामुद्रणाने छापलेल्या रंगीत चित्रांना रविवर्मा-छाप तसबिरी म्हणतात. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून हे चित्र कागदावर उतरवीत. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून त्यावर वार्निश चढवलेल्या छापांना ओलिओग्राफ असे नाव आहे. दिवाण सर टी. माधवराव यांनी सुचवल्यावरून रविवर्मांनी आपली चित्रे छापण्याचा विचार केला आणि 1894 मध्ये जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने मुंबईत मुद्रणालय उभारले. प्लेगच्या काळात, 1899 मध्ये, ते लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आले आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचे झाले. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच मुद्रणालयात काम करीत होते. महाराष्ट्रातील रंगीत चित्रछपाईची वाट त्याआधीच, 1878 मध्ये, पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने पाडली होती. तरीही घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वतीचे रूप ठरवले ते मुख्यतः रविवर्मा-छापाने. या तसबिरींचा संग्रह आणि अमेरिकेतील जुन्या बेसबॉल कार्डांचा संग्रह हे एकाच कुळातले छंद आहेत. दोन्हीकडे लाखो हातांत गेलेला स्वस्त छापील कागद पुढे मोलाचा ठरला. तो का ठरला, याचे उत्तर केवळ वयात किंवा सौंदर्यात नाही. वस्तू विरळ होते ती कोणी तिला ठेवा मानून जपत नाही म्हणून. तिला मोल येते ते मात्र कोणीतरी तिची नीट नोंद केली म्हणून.

मुबलक छापलेली वस्तू दुर्मीळ कशी, ही पहिली शंका. बेसबॉल कार्डे मुळात सिगारेटच्या पाकिटातून आणि नंतर च्युइंगगमसोबत मिळत. मुले ती खेळत, बदलत, हरवत. कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीचा 1952 च्या संचाचा न खपलेला साठा 1960 मध्ये समुद्रात बुडवल्याचे त्या कंपनीचे साय बर्गर सांगत. त्याच संचातील मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकले गेले. उलट 1980 च्या दशकाच्या अखेरीस कार्डांत पैसा आहे हे सर्वांना कळले, कंपन्यांनी बेसुमार छपाई केली, लोकांनी खोकीच्या खोकी जपून ठेवली आणि त्यांतली बहुतेक कार्डे आज कवडीमोल आहेत. रविवर्मा-छाप तसबिरींचे नशीब पहिल्या प्रकारचे आहे, फक्त कारण वेगळे. त्या कोणी टाकून दिल्या नाहीत, त्यांची पूजा झाली. देवघरातल्या तसबिरीला गंध-कुंकू लागले, धूप-उदबत्तीची काजळी बसली, भिंतीच्या ओलीने कागदावर डाग पडले, कसर लागली आणि चित्र फाटल्यावर श्रद्धेनेच ते वाहत्या पाण्यात सोडले गेले. जपणूक इथे देवाची होती, कागदाची नव्हती.

पण विरळपणा एकटा किंमत ठरवू शकत नाही. भिंतीवरून उतरलेली जुनी तसबीर दुर्मीळ असेलही. ती कोणती आवृत्ती आहे हे सांगता येत नसेल तर तिची गणती जुन्या कागदातच होते. अमेरिकेत अशी ओळख पटवण्याचे काम न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक या संग्राहकाने केले. छापील कार्डांची सूची त्याने 1939 मध्ये प्रथम काढली, प्रत्येक संचाला अक्षर व क्रमांक दिला आणि तीन लाखांवर चीजांचा आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. 1909 ते 1911 दरम्यानच्या तंबाखूच्या कार्डसंचाला ‘टी-206’ हे नाव त्याच सूचीने मिळाले. त्या संचातले होनस वॅग्नर या खेळाडूचे एक कार्ड 2022 मध्ये 72 लाख 50 हजार डॉलरला गेले. रविवर्मा-छापांत अशा सूचीची गरज अधिक आहे, कारण एकच चित्र अनेक वर्षे पुन्हा पुन्हा छापले गेले, जाहिरातींच्या कॅलेंडरांवर गेले आणि इतर छापखान्यांनी त्याच्या नकलाही केल्या. ओळख पटते ती चित्राखालच्या कडेवरून : मुद्रणालयाचे नाव, मुंबई की (मळवलीच्या काळातला) कार्ला-लोणावळा हा गावाचा उल्लेख, चित्राचे शीर्षक. नेमकी हीच कड फ्रेममध्ये बसवताना कापली जाते. 1972 मधील आगीने मुद्रणालयच भस्मसात केल्यामुळे घरोघरी उरलेल्या प्रतींच्या कडा हाच आता मोठा पुरावा आहे.

नोंदीवर एवढा भर दिला की दोन आक्षेप येतात. पहिला असा की सूची आणि श्रेणी आल्या की बाजार येतो आणि बाजार आला की लबाडी येते. याला आधार आहे. कार्डांना एक ते दहा श्रेणी देणारी पीएसए ही संस्था 1991 मध्ये निघाली आणि तिने तपासलेल्या पहिल्याच कार्डाला, म्हणजे वॅग्नरच्याच दुसऱ्या एका प्रतीला, आठची श्रेणी दिली. त्या कार्डाच्या कडा कापून ते नीटनेटके केले होते, हे लिलाव-व्यावसायिक बिल मास्ट्रो याने 2013 मध्ये कबूल केले. परंतु या उदाहरणाचा रोख नोंदीविरुद्ध जात नाही. मूळ आकार माहीत होता म्हणूनच कापाकापीला लबाडी म्हणता आले. जिथे मोजमापच लिहिलेले नाही तिथे खोटेपणा पकडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : पूजेतली तसबीर ही वस्तू नव्हे, तिच्यावरच्या कुंकवाला डाग म्हणणे हा संग्राहकाचा उद्धटपणा होय. तो मान्य करूनही नोंदीची बाजू टिकते. बेसबॉल कार्डाच्या बाजारात कोरेपणाला सर्वाधिक दाम मिळतो. तो मापदंड इथे जसाच्या तसा लावू नये. जरतार, टिकल्या आणि कापड लावून घरच्या बायकांनी सजवलेली रविवर्मा-छाप सरस्वती छपाईच्या दृष्टीने बिघडलेली ठरेल, पण वापराच्या इतिहासाच्या दृष्टीने ती कोऱ्या प्रतीहून बोलकी आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वेणीफणीच्या पेट्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू याच दृष्टीने जमवल्या आणि 1975 मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या हवाली केला.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. बुलडाणा तालुक्यातल्या धाडसारख्या गावी जुन्या घरात अशी तसबीर निघाली तर तिला पुसू नये, कड कापू नये, नवी फ्रेम बसवण्याआधी मागचा-पुढचा फोटो काढावा आणि ती घरात कोणाच्या वेळी, कोठून आली हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरील कलावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि रविवर्मांची मूळ चित्रे 1979 पासून राष्ट्रीय कलानिधी ठरलेली आहेत. म्हणून परदेशी लिलावांतले आकडे ऐकून अशा तसबिरीचा दाम ठरवणे व्यर्थ आहे. तिचे मोल घरचेच लोक वाढवू शकतात आणि त्यासाठी पैसा लागत नाही, वहीचे एक पान पुरते.